पडलेल्या मालाचं अंगण

आमच्या अंगणात तुळशीकडून न्हाणीकडे जाताना मध्ये एक तुकडा असा आहे, की तिथं झाडू मारला की कचऱ्याबरोबर अंगणही थोडं थोडं सुपलीत येतं. सून दर दिवाळीला म्हणते, "आई, एकदाचं काढून फेका न हे." मुलगा म्हणतो, फरशी बसवू. मी म्हणते, मी गेल्यावर बसवा, तोवर राहू द्या. हा तुकडा मी माझ्या हातानं केलेला आहे, आणि याच्याच पुराव्यावर मी एकदा एका अख्ख्या भिंतीला खोटं ठरवलं होतं. त्यापायी माझा पहिला नातू माझ्या दारात यायचा अडून बसला. त्या नातवाच्या ओठावर आता लव फुटलीय, पण विषय निघाला की तो अंगणाकडे बघून हसतो. हसू दे.

तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगते. पंचेचाळिशीची, नुकतीच सासू झालेली, आणि सगळ्या जगावर संशय असलेली. मासा घेताना कल्ले सगळ्याच बाया उघडून बघतात. मी मासेवालीच्या टोपलीच्या तळापर्यंत हात घालायची. नवं लुगडं आणलं की त्याचा एक दोरा जाळून वास घ्यायची. डॉक्टरनं गोळी दिली की शेजारणीला कोणती दिली ते विचारून मगच गिळायची. नवरा म्हणायचा, "तुले न्याले यमराज आला तर तू त्याले आधी रेड्याचा दाखला मागशीन."

त्यात माझं माहेर कोरपन्याकडचं, कापसाच्या आणि सिमेंटच्या मुलखातलं. लग्न होऊन आले ती इकडे कुरखेड्याच्या बाजूला, धानाच्या आणि तलावांच्या गावात. माझ्या लग्नाच्या आधी दोनेक वर्षं आमच्या रस्त्यावरून सिमेंटचे ट्रक जायला लागले होते. एवढंच माझं त्यातलं शिक्षण. पण सासरी कुणाचा ओटा बांधायचा निघाला की मी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि गवंड्याला ऐकवायची, "आमच्याकडं असं नाई करत, भाऊ." आमच्याकडं कसं करतात ते कुणी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली आहे. मागचं दार उघडलं की समोर पाळीची उतरण. सांडव्याजवळ, म्हणजे भरलेल्या तलावाचं जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं, जुन्या लोकांनी या उतरणीला दगड रचून भिंत दिली होती. सांध्यांतला चुना कधीच धुऊन गेलेला. आदल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ती भिंत पोटातून फुगली आणि एका दुपारी खाली बसली. चिखल आमच्या मागच्या खोलीत शिरला. सून तेव्हा पोटुशी, त्याच खोलीत खाटेवर पडलेली. चिखल खाटेच्या पायापाशी आला आणि थांबला. तिनं हे तिच्या आईला सांगितलं, आणि इथून माझ्या विहीणबाई गोष्टीत आल्या.

विहीण राजुऱ्याकडची. व्याह्यानं सगळी उमर कोळशाच्या खाणीत, जमिनीच्या पोटात काढलेली. संशयाच्या बाबतीत बाई माझ्याहून एक माप जास्तच. होळीच्या आसपास सुनेला माहेरी मुलगा झाला. सव्वा महिना झाला, मी पाळणा घासून धुऊन उन्हात ठेवला, आणि विहिणीचा फोन आला.

"पाळीची भिंत पक्की झाल्याशिवाय मी लेकीले अन् नातवाले नाई पाठवत."

"होऊन राह्यलं न काम, विहीणबाई. उन्हाळ्यात सुरू होते."

"झालं का सांगा. अन् पक्की म्हणजे तुम्ही म्हणान तशी नाई. पावसाळ्याच्या आत नाई झाली तर दिवाळीलेच बोलू."

मी जाऊन नातू बघून येऊ शकत होते. पण घरचं पोर आधी घरच्या दारात आलं पाहिजे, मी कशाला त्याच्यामागं राजुऱ्याला धावू, असा माझा ताठा. मुलगा जाऊन यायचा आणि मोबाईलवर फोटो आणायचा. फोटोवर माझा विश्वास नव्हता. फोटोत कुणाचंही पोर दाखवता येतं.

तलाव आटला आणि दुरुस्तीची माणसं आली. मला वाटलं होतं दगड उतरतील, गवंडी येतील. उतरलं काय, तर एक ढणढणणारा कॉम्प्रेसर, नरसाळ्यासारखं तोंड असलेलं एक मशीन आणि अजगराएवढा लांब काळा पाइप. बरोबर नागपूरकडचा एक सुपरवायझर, पिवळ्या टोपीचा. म्हणाला, या भिंतीवर आम्ही काँक्रीट फवारणार.

"फवारनार?" मी म्हटलं. "फवारतात कापसावर, भाऊ. भिंतीले काय अळी पडली?"

"बाई, हे जोरानं मारलं की चिपकून बसते. जुने दगड, मागची माती, सगळं धरून ठेवते. शॉटक्रीट म्हणतात याले."

नावच मुळी मला सटकायच्या तयारीतलं वाटलं.

पण मी रोज मागच्या दारात पाट टाकून बसायला लागले. तांदूळ निवडायचे निमित्त. एवढे तांदूळ आमच्या घरात कधी निवडले गेले नसतील. त्यांनी भिंतीवरची झाडंझुडं उपटली, सुटलेले दगड बसवले, सांध्यांतली माती हवेनं उडवून भिंत धुतली. इथपर्यंत मला खोट काढता आली नाही. मग उतरणीत लांब सळया ठोकून त्यांवर लोखंडी जाळी बांधली आणि जाळीतून प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे बाहेर काढून ठेवले.

"हे कायले?"

"आतलं पाणी बाहेर याले. नाई तर पाणी मागून भिंतीले ढकलते."

पाण्यासाठी भिंत, आणि तिलाच भोकं? मी मनात धरून ठेवलं: जितकी भोकं, तितका माल वाचला. शिवाय साप राहतील ते वेगळं.

मग मिसळण सुरू झाली आणि माझी खात्रीच पटली. सिमेंट, वाळू, बारीक खडी, सगळं कोरडंच मशीनमध्ये ओतत होते. थेंबभर पाणी नाही! सिमेंटच्या मुलखातल्या बाईसमोर! मी तांदळाचं सूप बाजूला ठेवून उभीच राहिले.

"भाऊ, पाणी विसरले काय तुम्ही?"

"पाणी तिकडे तोंडाशी मिळते, बाई. ते पाहा, त्या माणसाच्या हातातल्या नळीले दुसरी पाण्याची नळी जोडली हाये."

नळीचं तोंड धरणारा माणूस डोळ्यांवर चष्मा, तोंडाला फडकं गुंडाळून उभा होता. चेहरा दिसत नाही त्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा? त्यानं चालू केलं तसा सगळा परिसर राखाडी धुरानं भरला. भिंतीवर सूं सूं करत काँक्रीट बसत होतं, आणि त्यातला काही भाग उडून, टणाटण उसळून खाली पडत होता. भिंतीच्या पायाशी बघता बघता राखाडी रेतीचा ढीग झाला.

तो ढीग बघून माझे आणि शेजारणींचे डोळे एकदमच चमकले. आमच्या धानाच्या मुलखात एक रीत आहे. कापणी झाली की बांधीत, म्हणजे खाचरात, ज्या लोंब्या गळून पडतात, त्या वेचणारीच्या. मालक त्यावर बोलत नाही. त्याला सरवा म्हणतात. आमच्या सगळ्यांच्या सासवांनी सरवा वेचून एकेका दिवसाचं जेवण उभं केलेलं. तेव्हा खाली पडलेलं सिमेंट कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. आम्ही टोपल्या घेऊन हजर.

सुपरवायझर धावत आला. "ओ बाई, ते नका नेऊ! तो माल कामाचा नाई. मेलेला माल आहे तो."

"मेलेला हाये तर तुमाले कायले रडू येऊन राह्यलं?" शेजारीण म्हणाली.

"अहो, त्यानं काही टिकणार नाई."

तो अडवतोय म्हणजे तो माल मोलाचा आहे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, अगदी समजूतदारपणे, आणि तो पलीकडे वळला की टोपली भरली. त्या दिवसांत आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरात सरवा गेला. कुणी गोठ्यात टाकला, कुणी चुलीच्या मागं. मी अंगण केलं. पाणी घालून कालवला, पसरला, चोपणीनं ठोकून ठोकून सपाट केला, ओली पोती टाकून ठेवली. सुकल्यावर असं सुरेख राखाडी अंगण दिसायला लागलं, की मी नवऱ्याला त्यावर चप्पल घालून चालू देत नव्हते. नातू या अंगणात रांगेल असं मनात धरलं होतं.

काही दिवसांनी सकाळी झाडताना खरखर लागली. दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर रेती आली. मी बसून नखानं खरवडलं. नखात अंगण आलं.

इथं शहाणी बाई काय म्हणाली असती? सुपरवायझर सांगत होता ते खरं, हा माल मेलेला. तेव्हाच्या मला हे सुचलं नाही. तेव्हाच्या मला असं सुचलं: या मालात सिमेंटच नाही. खाली पडलं तेही याच नळीतून, वर बसलं तेही याच नळीतून. म्हणजे भिंतीतही सिमेंट नाही. खाल्लं यांनी सगळं! मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझा संशय खरा ठरला, याचा आनंद. त्या भिंतीखाली आपण राहतो हे नंतर आठवलं.

आमच्या गावात तेव्हा मोबाईलची रेंज पाळीवरच यायची. मी वर चढले, सांडव्याच्या दगडावर उभी राहिले आणि विहिणीला फोन लावला. कॉम्प्रेसर चालू, म्हणून मी ओरडूनच बोलत होते.

"विहीणबाई! खोटी भिंत हाये! माझं अंगण त्याच मालाचं, झाडूनं निघून राह्यलं!"

नेमका त्याच वेळी कॉम्प्रेसर बंद पडला. शेवटचं वाक्य सगळ्या तलावानं ऐकलं. नळीवाल्यानं तोंडावरचं फडकं खाली केलं. सुपरवायझर टोपी काढून उभा.

फोनमधून विहीण शांतपणे म्हणाली, "बरं झालं सांगितलं. मंग पोर दिवाळीपरयंत इथीच राहीन."

फोन ठेवल्यावर मला कळलं मी काय केलं ते. मी पाळीवरून उतरले ती सरळ घरात. नवरा जेवत होता. मी सांगितलं. त्यानं घास ताटात ठेवला.

"म्हणजे तूच फोन करून नातवाले येऊ नको म्हटलं?"

"मी भिंतीचं सांगितलं."

"तुले पाहिजे काय हाये? भिंत खोटी निंघाली पाहिजे का नातू आला पाहिजे? एक सांग."

खरं सांगायचं तर त्या घटकेला मला दोन्ही पाहिजे होतं.

संध्याकाळी सुपरवायझर स्वतः अंगणात आला. त्यानं तो तुकडा बघितला, बोटानं उकरला आणि हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "बाई, भिंतीवर जे बसते ते सिमेंट घेऊन बसते. जे उसळून पडते त्यात नुसती रेती अन् खडी उरते. म्हणून म्हणत होतो. आता तुमच्या विहिणीले बोलवा. तिले पाहू द्या. भिंत काही पळून नाई चालली."

"तुम्ही म्हणता म्हणून ती थोडीच येईन?"

"मंग तुमच्या अंगणासाठी येईन," तो म्हणाला.

आली. चार दिवसांत एसटीनं आली, नातू न घेता. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी बाळंतिणीच्या लाडवांतले उरलेले लाडू. मी एक फोडून बघितला, डिंक घातलाय का. तिची नजर मात्र माझ्या अंगणावर होती. तिनं पायाचा अंगठा घासला. रेती निघाली.

"हे होय तुमचं सिमेंट?"

"हेच."

"सब्बल हाये घरात?"

मला वाटलं अंगण उखडते. पण ती लोखंडी सब्बल घेऊन मागच्या दारानं सरळ भिंतीकडे निघाली. तिच्या घरी एक सवय होती. खाणीत छताखाली बसण्याआधी सळईनं छत ठोकून आवाज ऐकायचा. टणक वाजलं तर बसायचं, पोकळ वाजलं तर पळायचं. व्याही घरीसुद्धा प्रत्येक गोष्ट ठोकून बघायचा, माठ, दार, लग्नात आलेली भांडी. आम्ही त्यांच्याकडे मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, ती म्हणे याच हिशेबानं.

विहिणीनं एका टोकापासून सुरुवात केली. सब्बलेचं बोथट टोक भिंतीवर, कान पुढे. टण. टण. टण. मी तिच्या मागं. सुपरवायझरही आपली हातोडी घेऊन आला. म्हणाला, "हेच मी उद्या करणार होतो." करणार होता की नाही, मला अजून शंका आहे.

टण, टण करत आम्ही अर्धी भिंत संपवली. मला थोडं वाईटच वाटायला लागलं होतं. मग खालच्या कोपऱ्यात, जिथं नवी भिंत सांडव्याच्या जुन्या दगडांना मिळते, तिथं आवाज बदलला. भद.

विहीण थांबली. पुन्हा ठोकलं. भद.

"हे आयका," ती म्हणाली.

सुपरवायझरनं हातोडीनं ठोकलं, बाजूला ठोकलं, पुन्हा तिथंच ठोकलं. खिशातून खडू काढून त्या जागेभोवती वेढा काढला. चेहरा उतरला होता. माणसाला बोलावून छिन्नीनं फोडायला लावलं. वरचा पापुद्रा गेला आणि आतून भसकन राखाडी रेती खाली आली. मी ओंजळीत घेतली, बोटांनी चोळली. हा स्पर्श मला रोज सकाळचा ओळखीचा.

"हे तर माझं अंगण!" मी ओरडले.

"तेच," सुपरवायझर म्हणाला. "कोपऱ्यात उसळलेलं बाहेर पडाले जागा नाई भेटली. जाळीच्या मागं अडकलं, अन् त्याच्यावर आम्ही मारत गेलो." मग नळीवाल्याकडे वळून म्हणाला, "कोपरा आधी, अन् हवेनं साफ करत करत. किती वेळा सांगितलं?" नळीवाल्यानं फडकं वर ओढलं. तेव्हा मला कळलं फडकं कशाला असतं.

त्यांनी तो कोपरा पुरता फोडला, दगडापर्यंत साफ केला, हवा मारली, धुतला आणि पुन्हा फवारला. विहीण माझ्या पाटावर बसून शेवटपर्यंत बघत होती. उसळून पडत होतं ते ते दुसऱ्या माणसानं लगेच फावड्यानं ओढून बाजूला केलं. शेजारणी टोपल्या घेऊन आल्या होत्या. मी त्यांना हाकललं. "मेलेला माल हाये तो," मी म्हटलं, जसं काही मीच शोधून काढलेलं.

तीन-चार दिवस विहीण राहिली, पुन्हा ठोकून बघितलं. टण. मी आशेनं तिच्याकडे बघितलं.

"आता पाठवान न?"

"कोरडी भिंत कोनतीही चांगली वाजते, बाई. तलाव भरू द्या. मंग पाहतो."

निघताना सुपरवायझरनं आम्हा दोघींना एक गोष्ट सांगितली होती. तलाव भरला की त्या नळ्यांतून पाणी ठिबकेल. पाणी नितळ असेल तर झोपा खुशाल. गढूळ आलं तर माती निघतेय असं समजा, आणि मला फोन करा. मग काय, मी एक काचेचा ग्लास त्या कामालाच लावला. तलाव चढायला लागला तशी रोज सकाळी नळीखाली ग्लास धरायची, उजेडाकडे करून बघायची. पहिल्या दिवशी थोडं पिवळट वाटलं. माझा जीव वर. नवरा म्हणाला, "ग्लास धुतला काय?" नव्हता धुतला. धुऊन धरला. नितळ. मग रोज पाळीवर चढून विहिणीला फोन. "नितळ हाये." "कोपऱ्यातल्या नळीचं?" "तिचंबी नितळ." तिला माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, मला तिच्या कानांचा. पण सांडवा वाहायला लागला आणि भिंतीखालची आमची मागची खोली कोरडी ठाक राहिली, तेव्हा एक दिवस ती फोनवर म्हणाली, "येतो."

जीपमधून उतरली. सून मागं, आणि पोर विहिणीच्या हातात, दुपट्यात गुंडाळलेलं. मी भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी. बाई दारात थांबलीच नाही. मला ओलांडून, अंगण ओलांडून, पोराला घेऊन सरळ मागच्या दारी गेली. आम्ही सगळे मागं. "ग्लास," ती म्हणाली. मी दिला. तिनं एका हातानं नळीखाली धरला, उजेडाकडे केला, बघितला. मग ग्लास माझ्याकडे देऊन मुठीनं कोपरा वाजवला. कान लावला.

मग वळून नातू माझ्या हातात दिला.

मीही काही कमी नव्हते. मी आधी दुपटं बाजूला करून त्याचा कान बघितला. आमच्या घरच्या माणसांची कानाची पाळी वरून थोडी दुमडलेली असते.

दुमडलेली होती.